आधी डोंगराचं पान लिहा, मग घराचं

प्रश्न असा आला आहे: ‘मी २९ वर्षांची. अकोले तालुक्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात कंत्राटी स्टाफ नर्स. हातात २४ हजार येतात, त्यातले साडेसहा हजार घराच्या हप्त्याला जातात. घरी आई, तिला दमा आहे. तीन वर्षं ट्रेक करते आहे. खिडकीतून कळसूबाई दिसतं. मला आयुष्यात आठ हजार मीटरचं एक तरी शिखर चढायचं आहे. हे बोलले की सगळे हसतात. पैसे नाहीत, सलग रजा मिळत नाही, मागच्या वर्षी हिमोग्लोबिन १० निघालं होतं. आधी परिस्थिती सुधारून मग एवढं मोठं ध्येय ठरवावं, की परिस्थिती बघून ध्येयच लहान करावं?’

ताई, तुम्ही दोन पर्याय दिलेत खरे, पण दोन्हींमध्ये पहिला मान परिस्थितीचाच आहे. पहिल्यात ध्येय तिच्या परवानगीची वाट बघतं, दुसऱ्यात ते तिच्या मापाने कापलं जातं. मला वाटतं तुमचा खरा प्रश्न वेगळा आहे: आज जवळ काहीच नसताना मी आठ हजार मीटर म्हणायला लागले, तर तो वेडेपणा होईल का? याचं उत्तर हो किंवा नाही असं एका शब्दात देता येत नाही. पण विचार कोणत्या क्रमाने करायचा ते नक्की सांगता येतं, कारण तो क्रम चुकवल्याची किंमत मी स्वतः मोजली आहे.

आधी माझ्याबद्दल, म्हणजे माझं कितपत ऐकायचं ते तुम्हाला ठरवता येईल. पंचवीसेक वर्षं मी नोकरदार माणसांना गिर्यारोहण शिकवते आहे. बँकेत क्लार्क होते, आता निवृत्त झाले. माझं सगळ्यात उंच शिखर सात हजारांच्या थोडंसं वर आहे. आठ हजारांवर माझ्या विद्यार्थ्यांपैकी दोघं गेली, मी नाही. तेव्हा मनास्लूसारख्या आठ हजारी शिखराच्या माथ्यावर कसं वाटतं ते मला विचारू नका. पगारावर जगणारा माणूस तिथपर्यंतच्या वाटेवर कुठे अडकतो ते मात्र मी खूप जवळून पाहिलं आहे.

१९९४ सालची गोष्ट. आमच्या क्लबची गढवालमधल्या एका सहा हजारी शिखरावर मोहीम ठरली. मी २६ वर्षांची, नोकरीला दोन वर्षं झालेली, वडील नुकतेच गेलेले. ‘मुली बेस कॅम्पपर्यंत येतील’ असं बैठकीत कुणीतरी म्हणालं आणि मी मान डोलावली. कुणी जबरदस्ती केली नव्हती. घरचं बघता, रजा बघता, पैसे बघता बेस कॅम्प हेच शहाणपणाचं ध्येय वाटलं. मग मी बेस कॅम्पची तयारी केली. पाठीवर सात-आठ किलो घेऊन रविवारी सिंहगड, तोही एकदाच. मुलं त्याच रविवारी वीस किलो घेऊन आतकरवाडीतून दोन फेऱ्या मारत होती. कात्रजच्या कातळांवर त्यांचा दोराचा सराव चालायचा तेव्हा मी खाली बसून डबे सांभाळायचे.

बेस कॅम्पला मी अगदी मजेत पोचले. डोकं दुखलं नाही, भूक मेली नाही. कॅम्प एक लागल्यावर संघातल्या दोघांना उंचीचा त्रास होऊन खाली यावं लागलं, एक जागा रिकामी झाली. लीडर माझ्या तंबूपाशी आला आणि म्हणाला, ‘तू चांगली दिसतेस, येतेस का वर?’ मी नाही म्हणाले. भीती वाटली म्हणून नाही. मला क्रॅम्पॉन, म्हणजे बुटाखालचे बर्फात रुतणारे काटे, बांधून चालताच येत नव्हतं. आइस ॲक्सने, म्हणजे बर्फातल्या कुऱ्हाडीने, घसरण कशी थांबवायची ते मी कधी शिकलेच नव्हते. बेस कॅम्पला त्याची काय गरज?

ध्येय लहान ठेवलं तर निदान तेवढं तरी पदरात पडेल, बाकीचं पुढे बघू, असं आपण धरून चालतो. पण लहान ध्येयाची तयारी मोठ्या ध्येयाच्या वाटेवर अर्ध्यात पडलेली असते असं नाही. बऱ्याचदा ती वेगळ्याच वाटेवर असते. मी त्या वर्षी चाळीस रविवार डोंगरात घालवले होते. तेच चाळीस रविवार, तोच सिंहगड, तेच एसटीचे पैसे. मनात शिखर असतं तर पाठीवरचं वजन वेगळं असतं आणि डबे सांभाळायला दुसरं कुणी बसलं असतं. मोठं ध्येय दहा वर्षांनी उपयोगी पडायचं तेव्हा पडेल. त्याचा खरा उपयोग येत्या रविवारी असतो, कारण तो रविवार कसा घालवायचा ते तेच ठरवतं.

म्हणून ध्येय लहान करू नका. पण नुसतं ‘मोठं स्वप्न बघा’ म्हणून मी तुम्हाला मोकळी करणार नाही. व्यासपीठावरून ते वाक्य फेकणाऱ्यांचा मला राग येतो. साडेसहा हजारांचा हप्ता त्यांना भरायचा नसतो.

माझ्याकडे नवीन मुलं येतात तेव्हा मी त्यांना दोन कोरे कागद देते. एकावर लिहायचं ‘डोंगराचं पान’, दुसऱ्यावर ‘घराचं पान’. नियम एकच: डोंगराचं पान पूर्ण झाल्याशिवाय घराच्या पानाला हात लावायचा नाही. बहुतेक जण उलट करतात. आधी पगार, हप्ता, रजा, सासरची माणसं, गुडघा असं सगळं लिहून काढतात, आणि डोंगराच्या पानावर लिहायला मग काही उरत नाही.

तुमचं डोंगराचं पान मी भरून दाखवते. ‘आठ हजार मीटरचं एक तरी शिखर’ एवढं मोघम लिहून चालणार नाही, नाव लागतं. आठ हजारांवरची शिखरं जगात चौदाच. एव्हरेस्ट त्यातलं सगळ्यात प्रसिद्ध आणि सगळ्यात खर्चिक. सप्टेंबर २०२५ पासून वसंत ऋतूतल्या चढाईचा नुसता परवानाच १५ हजार डॉलर झाला आहे, आधी ११ हजार होता. सगळा हिशोब तीस-चाळीस लाखांच्या पुढे जातो. तुम्ही एव्हरेस्टचं नाव घेतलं नाहीत हे मला फार आवडलं. पहिल्या आठ हजारीसाठी बरेच जण मनास्लू निवडतात, ८,१६३ मीटर, नेपाळमध्ये. मोसम पावसाळ्यानंतरचा, सप्टेंबर-ऑक्टोबर. खर्च साधारण दहा ते पंधरा लाखांच्या घरात. तुमच्या पगारापुढे ही रक्कम केवढी आहे ते मला कळतंय, पण अजून आपण घराच्या पानावर आलेलो नाही. आणि बाईने चढलेलं पहिलं आठ हजारी शिखर हेच. १९७४ मध्ये जपानी बायकांच्या संघाने ते केलं. तेव्हा तुमच्या पानावर मी मनास्लू लिहिते. पुढे हवं तर बदला, पण आज एक नाव लिहा.

आता मनास्लू काय मागतं? त्याला तुमचा पगार माहीत नाही, त्यामुळे त्याच्या मागण्या कुणासाठी बदलत नाहीत. बर्फावर क्रॅम्पॉन, आइस ॲक्स आणि जुमार (दोरावरून वर सरकायची पकड) घेऊन सहज वावरता येणं. पाठीवर पंधरा-अठरा किलो घेऊन सहा-सात तास चढणं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच करणं. निदान एक सहा हजारी आणि एक सात हजारी शिखराचा अनुभव, म्हणजे उंचीवर आपलं शरीर कसं वागतं ते आधीच कळलेलं असतं. साडेपाच हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्मा होतो, आठ हजारांवर एक तृतीयांशाच्या आसपास. तिथे आपण कसे आहोत हे पहिल्यांदा कळणं बरं नव्हे. सलग सहाएक आठवड्यांची रजा. आणि पैसे. बस, पान संपलं. लिहून झाल्यावर ते वाटलं होतं तेवढं भयंकर दिसत नाही, हा माझा दर वेळचा अनुभव आहे. हसणाऱ्यांनी यातली एकही ओळ वाचलेली नसते.

आता घराचं पान घ्या. त्यावर तुम्ही प्रश्नात दिलेलं सगळं येतं, पण प्रत्येक ओळीपुढे एक खूण करायची: ही गोष्ट हलणारी आहे की रुतलेली? हलणारी असेल तर किती दिवसांत हलेल?

पहिली ओळ हिमोग्लोबिन १०. ते तुम्ही परिस्थितीच्या यादीत पैशांच्या शेजारी टाकलं आहे, पण या यादीतली सगळ्यात लवकर हलणारी गोष्ट तीच. तुम्ही स्वतः नर्स आहात, लोह, आहार, जंत, पाळीतला रक्तस्राव हे मी तुम्हाला सांगायला नको. डॉक्टरांना दाखवा, सीबीसीबरोबर (रक्तपेशींची तपासणी) फेरिटिनही (शरीरातला लोहाचा साठा) बघा. कारण उंचीवर शरीर जास्तीच्या तांबड्या पेशी तयार करतं आणि त्यासाठी लोहाचा साठा लागतो. नुसता बारावर पोचलेला हिमोग्लोबिनचा आकडा पुरत नाही. सिकलसेलची (तांबड्या पेशींचा आनुवंशिक आजार) तपासणी कधी झाली नसेल तर तीही करून घ्या. तो आजार निघाला तर हे सगळं उत्तर बाजूला ठेवा. मग ती रुतलेली गोष्ट, तिथे हट्ट करायचा नाही. पण साधी रक्तक्षयाची भानगड असेल तर काही महिन्यांत ही ओळ तुम्ही खोडून टाकाल. बायकांच्या घराच्या पानावर ही ओळ मी इतक्यांदा पाहिली आहे की आता पहिल्या भेटीत मी बूट नाही, रक्ताचा रिपोर्ट मागते.

दुसरी रजा. तुमचं कंत्राट अकरा महिन्यांचं आहे असं मी धरते. पुढची पहिली मोठी पायरी म्हणजे बेसिक कोर्स, सुमारे चार आठवड्यांचा. उत्तरकाशीची नेहरू इन्स्टिट्यूट, दार्जिलिंगची हिमालयन माउंटेनिअरिंग इन्स्टिट्यूट, मनालीची अटलबिहारी वाजपेयी यांच्या नावाची संस्था, यांपैकी कुठेही. या सरकारी संस्था आहेत, त्यामुळे फी हजारांत असते, लाखांत नाही. खास महिलांच्या बॅचही निघतात. जागा महिनोन्‌महिने आधी भरतात आणि वयाला वरची मर्यादा असते, म्हणून अर्ज याच वर्षी करा. तारीख हातात आली की ती घेऊन इन्चार्ज सिस्टरकडे आठ-दहा महिने आधी जायचं. ‘मला डोंगरावर जायचंय, रजा मिळेल का’ असं विचारलं तर उत्तर ठरलेलं आहे. ‘पुढच्या मे महिन्यात २८ दिवस, त्याबदल्यात दिवाळी, गणपती आणि थर्टी फर्स्टच्या नाइट मी करते’ असं म्हटलं की बोलणं सुरू होतं. कंत्राट नव्याने होण्याच्या सुमाराला तारीख जुळवता आली तर उत्तम. ही ओळ हलते की नाही ते मात्र तुमच्या वरिष्ठांवर आहे. माझ्या एका विद्यार्थिनीला दोन वर्षं नकार मिळाला, तिसऱ्या वर्षी इन्चार्ज बदलल्या आणि रजा मिळाली. ती दोन वर्षं तिने सह्याद्रीत काढली, आणि तिच्या रोप-वर्कवर ते दिसतं.

एक गोष्ट जाता जाता. बेसिकला ‘ए’ ग्रेड मिळवा. त्याशिवाय ॲडव्हान्स कोर्सला घेत नाहीत. फिरायला गेल्यासारखी कोर्सला जाणारी मुलं ‘बी’ घेऊन येतात आणि मग सगळं पुन्हा पहिल्यापासून.

तिसरी ओळ आई. यावर मी शहाणपण सांगणार नाही. दम्याचा त्रास कितपत आहे, जवळ कोण आहे, भाऊ-बहीण आहेत का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. मी मोहिमेवर गेले की माझ्या आईजवळ राहायला मावशी यायची, आणि ती नसती तर माझं सात हजारीही झालं नसतं. अशी एक मावशी तुम्हाला शोधावी लागेल. सापडली नाही तर तारीख पुढे जाईल, आणि ते अपयश नाही.

आता पैसे. इथे मी थोडी थांबते, कारण सगळ्यात जास्त माणसं इथे एक तर मागे फिरतात, नाहीतर कड्यावरून पडतात.

साधा हिशोब करू. महिन्याला तीन हजार बाजूला टाकलेत तर वर्षाचे ३६ हजार, दहा वर्षांचे ३ लाख ६० हजार. म्हणजे नुसत्या बचतीतून मनास्लू होत नाही. हे आजच मान्य करा, स्वतःला फसवू नका. पण हाच हिशोब डोंगराच्या पानाशेजारी ठेवून बघा. पहिली चार-पाच वर्षं जे करायचं आहे, ते सगळं हजारांत बसतं. सह्याद्रीचे रविवार म्हणजे एसटीचं तिकीट आणि भाकरी. बेसिक आणि ॲडव्हान्स हजारांत. मनालीजवळचं फ्रेंडशिप पीक, ५,२८९ मीटर, किंवा लाहौलमधलं युनाम, ६,१११ मीटर, क्लबबरोबर खर्च वाटून गेलात तर तेही तुमच्या एक-दोन वर्षांच्या बचतीत बसेल. लाखांची गरज पडते ती सातव्या-आठव्या वर्षी. आज तुमच्याकडे दहा लाख नाहीत, पण आज ते लागतही नाहीत. पुढच्या दशकातला खर्च आजच्या पगाराच्या पावतीवर आपण उगीच चढवून बसतो.

आणि सातव्या वर्षी तो पैसा येणार कुठून? प्रायोजक, लोकवर्गणी, एखादी सरकारी योजना, क्लबची मोहीम. महाराष्ट्रात हे घडलेलं आहे. २०१२ मध्ये पुण्याच्या गिरिप्रेमी या गिर्यारोहण संस्थेने एव्हरेस्टची मोठी नागरी मोहीम केली, त्यामागे असंख्य लोकांचे छोटे-मोठे हात होते. २०१८ मध्ये राज्य सरकारच्या ‘मिशन शौर्य’मधून चंद्रपूर जिल्ह्यातल्या आदिवासी आश्रमशाळांचे दहा विद्यार्थी एव्हरेस्टवर नेले, पाच जण माथ्यावर पोचले. त्या मुलांच्या घरी एव्हरेस्टच्या खर्चाचा कागदसुद्धा कुणी पाहिला नसेल. त्यांच्यामागे सरकार होतं, हेही तितकंच खरं. तुमच्यामागे ते असेलच असं नाही. पण प्रायोजकाच्या दारात उभं राहताना हातात काय असतं त्यावर बरंच ठरतं. ‘माझं स्वप्न आहे’ म्हणणारे त्यांच्याकडे रोज येतात. ‘दोन्ही कोर्स ए ग्रेडमध्ये, तीन सहा हजारी, एक सात हजारी, आणि शिवाय मी नर्स आहे’ असं म्हणणारी क्वचित येते.

त्या ‘शिवाय’कडे जरा बघा. नर्सिंग तुम्ही घराच्या पानावर अडचण म्हणून लिहिलंत: ड्युटी, नाइट, रजा नाही. मी ते डोंगराच्या पानावर घेईन. मोहिमेवर फुप्फुसात पाणी होतंय की नुसता खोकला आहे, माणूस थकलाय की मेंदूला सूज येतेय, हे ओळखणारं कुणी असेल तर सगळा संघ निर्धास्त झोपतो. अशा माणसाला चांगले लीडर शोधत असतात आणि खर्चात सवलतही देतात. माझ्या पाहण्यात एका मोहिमेत फार्मासिस्ट मुलाकडून निम्मीच वर्गणी घेतली होती. उंचीवरच्या आजारांचा अभ्यास आतापासून सुरू करा, त्याला एक रुपया लागत नाही.

पण कर्ज काढू नका. हे माझं ठाम मत आहे, आणि ते एका मित्रामुळे झालं आहे. त्याने ‘पस्तिशीच्या आत आठ हजारी’ असं ठरवलं होतं. सात हजारी झालेलं नव्हतं, प्रायोजक मिळाला नव्हता, वय मात्र ३४. घर गहाण ठेवून गेला. शेवटच्या कॅम्पच्या आधीच हवा बिघडली आणि आठवडाभर सुधारली नाही, संघ परत फिरला. त्याचा त्यात काहीच दोष नव्हता, हवामानाचा भरवसा कुणी देत नाही. पण परत येऊन त्याने नऊ वर्षं हप्ते फेडले आणि त्या काळात एकदाही हिमालयात गेला नाही. डोंगराचं नाव काढलं की उठून जायचा.

त्याचं ध्येय मोठं होतं, ती चूक नव्हती. त्याने तारखेला खिळा मारला, ही चूक होती. लक्षात ठेवा, उंची पक्की ठेवायची आणि तारीख सैल. लोक उलट करतात. तारीख पक्की धरतात, मग ती जवळ आली की एक तर उंची कापतात, नाहीतर घर गहाण टाकतात. तुमचं मनास्लू ३७व्या वर्षी होईल किंवा ४२व्या. या खेळात ते उशिराचं वय नाही. दमाने चालण्याची ताकद चाळिशीतही चांगली टिकते.

गंमत म्हणजे शिखराच्या दिवशी हाच नियम उलटा होतो. त्या दिवशी घड्याळ पक्कं आणि उंची सैल. परत फिरायची वेळ, समजा दुपारी दोन, आधी ठरवलेली असते, आणि ती झाली की माथा पन्नास मीटरवर दिसत असला तरी वळायचं. ही दोन घड्याळं एकमेकांत मिसळू देऊ नका. आयुष्यभराच्या ध्येयाला ‘दुपारी दोन’ लावलंत तर लवकर मागे फिराल. चढाईच्या दिवशी ‘कधीतरी पोचू’ म्हणालात तर परत येणार नाही.

जुंको ताबेई यांचं मी नेहमी सांगते. १९७५ मध्ये एव्हरेस्टवर पोचलेली पहिली बाई. त्यांचा संघ संपूर्ण बायकांचा, बहुतेक जणी नोकऱ्या करणाऱ्या. अर्ज केल्यापासून नेपाळच्या चढाईच्या यादीत पाळी यायला चार वर्षं लागली. पैसे मागायला गेलं की ‘मुलं सांभाळा’ असा सल्ला मिळायचा. ताबेईंची मुलगी तेव्हा तीन वर्षांची होती. शेवटी एक वर्तमानपत्र आणि एक टीव्ही वाहिनी पाठीशी उभी राहिली, तरी प्रत्येकीला जवळजवळ वर्षभराच्या पगाराएवढी रक्कम स्वतः घालावी लागली. ताबेई पियानोच्या शिकवण्या घ्यायच्या. गाड्यांच्या सीटच्या आवरणांतून त्यांनी वरून घालायचे हातमोजे शिवले. यातली मला आवडणारी गोष्ट जिद्दीची नाही, जिद्दीच्या गोष्टी पैशाला पासरी मिळतात. हातमोजे शिवायला त्या बसल्या, कारण कोणते हातमोजे लागणार हे त्यांना माहीत होतं. आधी एव्हरेस्ट ठरलं होतं, म्हणून गाडीच्या सीटमध्ये त्यांना हातमोजा दिसला. ध्येय ठरलेलं नसतं तर ती नुसती जुनी सीट होती.

हसणाऱ्यांचं काय करायचं, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण त्या वाक्यात कळ जाणवली. मी तरी एवढंच करते: ध्येय दोघांनाच सांगते. ज्याच्या हातात माझी रजा आहे त्याला, आणि ज्याच्या हातात माझा दोर आहे त्याला. बाकीच्यांना ‘रविवारी फिरायला जाते’ एवढं पुरतं. ते खोटंही नाही.

तुमच्या खिडकीतल्या डोंगराची गोष्ट तुम्हाला माहीत असेलच. कळसू नावाची कोळ्याची पोर, रानात भटकायची आवड असलेली. एका घरी कामाला राहिली ती अट घालून: भांडी घासणार नाही, केर काढणार नाही. एक दिवस तेच काम सांगितलं. तिने मुकाट्याने केलं, आणि मग उठून जी डोंगरावर गेली ती परत खाली आली नाही. भांडी घासली ती जागा थाळेमेळ. नोकरी मागताना अट घालणारी ही पोर मला फार जवळची वाटते. तुम्ही मात्र परत खाली या, सोमवारी ड्युटी आहे.

तर येत्या रविवारचं ठरवू. नाइट करून थेट जाऊ नका, आदल्या रात्री नीट झोप हवी. कळसूबाईच्या पायथ्याच्या बारी गावातून सकाळी सहाला सुरुवात. सॅकमध्ये दोन-दोन लिटरच्या चार बाटल्या भरून घ्या, बाकी सामानासह नऊ-दहा किलो होईल. हिमोग्लोबिन सुधारेपर्यंत यापेक्षा वजन नको, वेगही नको. चालताना पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे, धाप लागली की थांबा. छातीत धडधडलं किंवा चक्कर आली तर तिथूनच खाली. शिड्यांपाशी गर्दी असते, तिथे घाई करू नका. वर पोचलात की प्यायला लागेल तेवढं ठेवून बाकीचं पाणी ओतून द्या. चढताना वजन हवं, उतरताना गुडघ्यांवर ते नको. चढायला लागलेला वेळ वहीत लिहा, उतरायचा लिहू नका, म्हणजे उतरताना घाई होणार नाही. महिन्यातून दोन रविवार, आणि हिमोग्लोबिन सुधारलं की दर दोन महिन्यांनी दोन लिटरची एक बाटली जास्त. पाऊस सुरू झाला की शेवाळलेल्या कातळावर हे वजन घेऊन जायचं नाही, मग रुग्णालयाचा जिना आहेच.

सोमवारी ड्युटीवर गेलात की आधी फेरिटिनला रक्त द्या. रिपोर्ट आला की आकडा मला कळवा, वजन त्यावरून ठरवू.